माग थांबला, आता? : नव्या प्लॅनरसाठी कामाची फेरआखणी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी प्लॅनिंगला लागलो आणि दुसऱ्याच महिन्यात एक पराक्रम केला. सकाळी दहाला वार्पिंग मशीनचं (ते मागासाठी धागे मोठ्या रुळावर, म्हणजे बीमवर, गुंडाळतं) बेअरिंग गेलं. त्या दिवशी तीन बीम निघायचे होते. मी घाबरलो, केबिनमध्ये बसून चोवीसच्या चोवीस मागांचा आठवड्याचा तक्ता नव्याने लिहून काढला, आणि सहा मागांवरचे अर्धवट विणलेले बीम खाली उतरवायला लावले. का, तर नव्या तक्त्यात त्या मागांवर दुसरी क्वालिटी छान बसत होती.

दुपारी दोनला जॉबरमामा, म्हणजे आमचे मशीन दुरुस्त करणारे मिस्त्री, हात पुसत आले. खाली उतरवलेल्या बीमांची रांग बघितली आणि म्हणाले, "काय करलालाव, साहेब? वार्पिंग तर चालू झालं की."

वार्पिंग चार तास बंद होतं. माझ्या तक्त्यामुळे सहा माग दोन दिवस बंद राहिले. मशीनने केलेलं नुकसान आणि मी केलेलं नुकसान यांचा हिशोब त्या रात्री मांडला, तेव्हा या कामातली पहिली गोष्ट कळली. अडचण आली की काय बदलायचं, हा प्रश्न नंतरचा. आधी ठरवायचं, कशाला हात लावायचा नाही.

प्लॅनिंग विभागात नव्याने लागलेल्यांसाठी हे लिहितोय. उदाहरणं टॉवेलची आहेत, कारण माझं आयुष्य त्यातच गेलं. पण चिंचोळीला इंजिनिअरिंगचे सुटे भाग करणाऱ्याला किंवा शहरात शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्यालाही हिशोब हाच लागतो.

अडचण येण्याआधीची तयारी

ज्याची तारीख आधीपासून माहीत आहे ती अडचण नव्हे. संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा असते, अक्षता सोहळा असतो, गड्ड्याची जत्रा भरते. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो आणि पद्मशाली समाजातला विणकर त्या दिवशी मागावर नसतो. आषाढीच्या आसपास पंढरपूरच्या वाटेवर ट्रक अडकतो. हे दरवर्षी होतं. तरी मी असे प्लॅनर पाहिलेत, जे पौर्णिमेच्या सकाळी रिकामं शेड बघून कपाळाला हात लावतात. वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडर घेऊन बसा आणि हे दिवस शून्य क्षमतेचे म्हणून लाल करून टाका.

उन्हाळ्याचंही तसंच. एप्रिल-मे महिन्यात सोलापूरची हवा इतकी कोरडी होते की सूत ठिसूळ होतं आणि ताण्याचे धागे जास्त तुटतात. शेडमध्ये दमटपणाची सोय नसेल तर मागाची कार्यक्षमता उतरते. किती उतरते, ते तासांत आणि नगांत मांडता आलं पाहिजे. नमुन्यादाखल एक हिशोब करू.

३० बाय ६० इंची टॉवेल, इंचाला ३६ पिक, म्हणजे ३६ आडवे धागे. म्हणजे एका टॉवेलला ६० गुणिले ३६, म्हणजे २,१६० पिक. रेपिअर माग मिनिटाला २५० पिक मारतो. कार्यक्षमता ८० टक्के धरली तर हातात पडतात २०० पिक, म्हणजे टॉवेलला १०.८ मिनिटं. मागावर शेजारी शेजारी दोन पट्टे चालत असतील तर तासाला साधारण ११ टॉवेल, आठ तासांच्या पाळीला ८८. कार्यक्षमता ६५ वर आली की तोच माग पाळीला ७२ वर येतो. एका मागावर १६ नगांचा फरक, चोवीस मागांवर पाळीला ३८४. मे महिन्यात जानेवारीचा आकडा धरून तारखा दिल्यात, तर काहीही बिघडलेलं नसताना तुम्ही रोज मागे पडाल आणि दोष विणकरांना द्याल.

तेव्हा पहिलं काम हे. प्रत्येक मशीनची क्षमता तासांत लिहून ठेवा, आणि ती कारखान्यात मोजलेली असावी. मशीनच्या पुस्तकात छापलेला वेग कामाचा नाही.

पायरी पहिली: नेमकं काय बिघडलं आणि किती वेळ

फोन येतो, "सॉफ्ट फ्लो बंद पडलं." म्हणजे डाइंगचं, रंगाचं मशीन. हातातला पेन खाली ठेवा आणि शेडमध्ये जा. केबिनमधून केलेली फेरआखणी निम्मी तरी चुकते, कारण निरोप पोचेपर्यंत त्याचा आकार बदललेला असतो. पंपाचं सील गेलं असेल तर गोष्ट वेगळी, मोटर जळाली असेल तर वेगळी. मशीनमध्ये माल अडकलाय का, तो वाचणार का, हे डोळ्यांनी बघायला हवं.

मग मिस्त्रीला विचारा, किती वेळ? तो म्हणेल, "दोन तास." दुरुस्ती कुठलीही असो, उत्तर दोन तासच असतं. त्यात त्याचा खोटेपणा नसतो. सगळं सुरळीत झालं तर किती वेळ लागेल, एवढंच तो सांगतो. म्हणून एकाऐवजी तीन आकडे विचारायचे: सगळं नीट जुळून आलं तर किती, नेहमीसारखं झालं तर किती, आणि सुटा भाग इथे मिळालाच नाही, पुण्याहून आणावा लागला तर किती?

समजा उत्तरं आली दोन, चार आणि बारा. अमेरिकेच्या नौदलाने १९५८ च्या सुमारास पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी पर्ट नावाची पद्धत बसवली, तिच्यातलं साधं सूत्र इथे चालतं. मधल्या आकड्याला चौपट वजन द्यायचं, तिन्हींची बेरीज करायची, सहाने भागायचं. दोन अधिक सोळा अधिक बारा, तीस. भागिले सहा, पाच तास. शेडमधला तक्ता पाच तासांवर आखा. पण ग्राहकाला शब्द देताना बारा तास डोळ्यांसमोर ठेवा. हे दोन आकडे वेगळे ठेवायची सवय लागली की निम्मी भांडणं मिटतात.

सगळ्याच अडचणी मशीनच्या नसतात. सूत उशिरा येतं, आलेलं सूत वेगळ्या लॉटचं, म्हणजे वेगळ्या खेपेचं निघतं, रंग सॅम्पलशी जुळत नाही आणि माल परत करावा लागतो, वळवाच्या पावसात विजेचा फीडर जातो. आणि सर्वांत नेमाने येणारी अडचण म्हणजे शेठचा फोन: "ते एक अर्जंट आहे, मध्ये घालून घे." ती अडचणच समजा आणि तिलाही याच पायऱ्यांतून न्या.

पायरी दुसरी: झळ कुठवर जाते

टॉवेलचं काम साखळीचं असतं. सूत, वार्पिंग, कांजी, मग माग, डाइंग, ड्रायर, शिलाई, तपासणी, पॅकिंग. एक कडी थांबली की पुढची लगेच थांबते असं मात्र नाही. मध्ये माल साठलेला असतो, आणि तोच तुमचा श्वास.

हा साठा नगांत किंवा किलोत मोजू नका, तासांत मोजा. डाइंगसमोर ६०० किलो कोरा माल पडलाय आणि डाइंग तासाला १०० किलो खातं, तर सहा तासांचा साठा आहे. मागाचं शेड चार तास बंद पडलं तर डाइंगला त्याचा पत्ताही लागणार नाही. अशा वेळी योग्य फेरआखणी म्हणजे काहीही न करणं. हे ऐकायला सोपं वाटतं, पण सगळे तुमच्याकडे बघत असताना गप्प बसायला धीर लागतो. मी मात्र या बाबतीत आळशी माणसाच्या बाजूचा आहे.

उलट, साठा असूनही माग थांबण्याची एक खास जागा टेरी टॉवेलात असते. इथे एका मागाला दोन बीम लागतात, एक जमिनीचा, म्हणजे टॉवेलच्या मूळ कापडाचा, आणि एक वरच्या लूपचा. लूपचा धागा वळ्या घेत जातो, म्हणून तो जमिनीच्या धाग्याच्या कितीतरी पट लांब लागतो. एक बीम तयार असून उपयोग नाही. नवे प्लॅनर बीमांची एकूण संख्या बघून निश्चिंत होतात. बारा बीम तयार आहेत म्हणतात, आणि त्यांतले नऊ जमिनीचे निघतात. जोड्या मोजा.

आणखी एक सापळा लॉटचा. सूत कमी पडलं, गोदामात त्याच काउंटचं, म्हणजे त्याच जाडीचं, दुसऱ्या लॉटचं सूत आहे, मग तेच लावून माग चालू ठेवू, असं वाटतं. कोऱ्या मालात फरक दिसत नाही. रंगाच्या टाकीतून बाहेर आल्यावर दिसतो, टॉवेलवर बारीक पट्टे उमटतात. तेव्हा वाचवलेले सहा तास सहाशे किलोच्या खराब मालात जातात. माग बंद ठेवणं स्वस्त पडतं.

पायरी तिसरी: किती हलवायचं

इथे नव्या माणसाची सर्वांत जास्त चूक होते, म्हणून जरा थांबून सांगतो. रस्ते तीन आहेत.

पहिला रस्ता ढकलण्याचा. कामांचा क्रम तोच ठेवायचा आणि सगळं पाच तासांनी पुढे सरकवायचं. डोकं लागत नाही, शेडमध्ये गोंधळ होत नाही. तारखांत सैलपणा असेल तर हाच रस्ता घ्यावा.

दुसरा रस्ता ठिगळाचा. ज्या कामांना झळ बसली तेवढीच हलवायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही. जेम्स बीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये या विचाराला शिस्त दिली आणि तिला मॅच-अप असं नाव पडलं. कल्पना साधी आहे. जुन्या तक्त्यात पुढे एक ठिकाण निवडा, समजा बुधवार संध्याकाळ. मधल्या वेळेत काय हवं ते इकडे-तिकडे करा, पण बुधवार संध्याकाळी गाडी जुन्या रुळावर आलीच पाहिजे. त्यानंतरचा तक्ता जसाच्या तसा. मूळ तक्त्यात ठिकठिकाणी थोडा मोकळा वेळ ठेवला असेल तरच हे जमतं. शंभर टक्के भरलेला तक्ता दिसायला कर्तबगार दिसतो, पण पहिल्या धक्क्यालाच कोसळतो. मी आठवड्याला एक पाळी मोकळी ठेवतो. शेठला ती दिसू नये म्हणून तिला मेंटेनन्स म्हणतो.

तिसरा रस्ता सगळं नव्याने आखण्याचा. कागदावर उत्तर यातच सर्वांत सुंदर येतं आणि शेडमध्ये सर्वांत महाग पडतं. कारण तक्त्यातल्या एका रेघेमागे माणसं आणि गाठी असतात. आमच्याकडे त्याच क्वालिटीचा नवा बीम जुन्याला गाठी मारून जोडला तर दोन-तीन तास जातात. क्वालिटी बदलली की मागाच्या वही-फणीतून (धागे उचलणाऱ्या आणि ठोकणाऱ्या भागांतून) एकेक धागा नव्याने ओवावा लागतो आणि अख्खी पाळी जाते, कधी जास्तही. कागदावर 'माग क्रमांक ७, क्वालिटी बदल' लिहायला पाच सेकंद लागतात.

माझा रिवाज असा. पुढच्या २४ तासांचा तक्ता गोठलेला समजायचा. मागावर चढलेला बीम संपेपर्यंत उतरवायचा नाही. रंगाच्या टाकीत गेलेली बॅच बाहेर येईपर्यंत तिच्याबद्दल बोलायचंसुद्धा नाही. गोठलेल्या भागात बदल हवा असेल तर कारण लिहून सही करायची, मग ते शेठ असोत वा मी. सही मागायला लागल्यापासून अर्जंट कामं अर्ध्यावर आली.

सगळं नव्याने आखण्याची वेळही येते, नाही असं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला महापूर आला, महामार्गावरची वाहतूक थांबली. येणारं सूत तिकडे, जाणारा माल इकडे, आणि रस्ता कधी उघडेल कुणालाच माहीत नाही. अशा वेळी ठिगळ लावण्यात अर्थ नसतो, कापडच नवं लागतं. ओळखायची खूण अशी, की ज्या ठिकाणी जुन्या तक्त्याला परत गाठायचं म्हणता ते ठिकाण आठवड्याच्याही पलीकडे जात असेल, तर जुना तक्ता सोडून द्या.

पायरी चौथी: क्रम लावणं

आता एक उदाहरण पूर्ण सोडवू. डाइंगमध्ये दोन सॉफ्ट फ्लो मशीन आहेत, त्यातलं एक बंद पडलं आणि ते दोन दिवस काही येत नाही. उरलेल्या एकावर पाच कामं करायची आहेत. सोमवार सकाळचे आठ वाजलेत, मशीन रात्रंदिवस चालणार.

पांढरा, ५ तासांचं काम, सोमवारी दुपारी ४ पर्यंत हवा.
नेव्ही ब्लू, १० तास, सोमवारी रात्री १२ पर्यंत.
क्रीम, ६ तास, मंगळवारी पहाटे ४ पर्यंत.
आकाशी, ५ तास, मंगळवारी सकाळी ८ पर्यंत.
राखाडी, ९ तास, मंगळवारी रात्री ८ पर्यंत.

सगळ्यांना सुचतो तो क्रम म्हणजे ज्याची मुदत आधी, तो आधी. हा नियम टाकाऊ नाही. एका मशीनवर सर्वांत जास्त उशीर कमीत कमी ठेवायचा असेल तर हाच क्रम उत्तम, हे जॅक्सन यांनी १९५५ मध्येच दाखवलं होतं. लावून बघू. पांढरा दुपारी १ ला सुटला, वेळेत. नेव्ही रात्री ११ ला, वेळेत. क्रीम पहाटे ५ ला, एक तास उशीर. आकाशी सकाळी १० ला, दोन तास उशीर. राखाडी संध्याकाळी ७ ला, वेळेत. दोन कामं चुकली, पण थोडक्यात.

फक्त यात एक गोष्ट राहिली, जी डाइंगमधला पोऱ्यासुद्धा सांगेल. नेव्हीनंतर क्रीम घ्यायचं तर मशीन उकळून धुवावं लागतं, नाहीतर क्रीमवर निळी झाक येते. धुण्याचे दोन तास धरा. आता क्रीम सकाळी ७ ला, आकाशी दुपारी १२ ला, राखाडी रात्री ९ ला. दोनाची तीन झाली, पाचांतली तीन कामं उशिरा.

दुसरा नियम मूर यांचा, १९६८ चा. त्याला उशीर किती तासांचा याच्याशी देणंघेणं नाही, उशिरा होणाऱ्या कामांची संख्या कमीत कमी करायची. मुदतीप्रमाणे एकेक काम मांडत जा. जिथे पहिलं काम चुकेल तिथे थांबा, आणि तोवर मांडलेल्यांपैकी सर्वांत लांबलचक काम उचलून पार शेवटी टाका. मग पुढे चला. आपल्याकडे क्रीमशी गाडी अडते. तोवर मांडलेलं सर्वांत मोठं काम नेव्ही, दहा तासांचं. ते शेवटी गेलं. आता पांढरा दुपारी १ ला, क्रीम संध्याकाळी ७ ला, आकाशी मध्यरात्री, राखाडी मंगळवारी सकाळी ९ ला. चारही वेळेत. नेव्ही मंगळवारी संध्याकाळी ७ ला, म्हणजे १९ तास उशिरा. शिवाय रंग फिक्यातून गडदकडे गेले, त्यामुळे मधे मशीन उकळायची गरजच पडली नाही. मूर यांच्या नियमाला धुण्याबिण्याचं काही कळत नाही, इथे योगायोगाने जुळलं. तुम्ही मात्र दर वेळी ते वेगळं तपासायचं.

मग मूर जिंकले का? नेव्हीचा ग्राहक कोण आहे त्यावर आहे. माल न्हावा शेव्याला कंटेनरमध्ये जायचा असेल आणि जहाजाची मुदत ठरलेली असेल, तर एक तास उशीर काय नि एकोणीस तास काय, जहाज गेलं ते गेलं. तिथे चुकणाऱ्या कामांची संख्या मोजणंच बरोबर. पण ते एकच जहाज नेव्हीचं असलं तर? मग नेव्ही जागेवर ठेवा आणि क्रीमला शेवटी पाठवा. पांढरा १ ला, नेव्ही ११ ला, धुऊन आकाशी सकाळी ६ ला, राखाडी दुपारी ३ ला, पुन्हा धुऊन क्रीम रात्री ११ ला. इथेही एकच काम चुकतं, तेही १९ तासांनीच, फक्त मशीन दोनदा धुवावं लागतं. क्रीम मंगळवार पेठेतल्या दुकानात जायचं असेल तर मालक फोनवर दोन शब्द बोलेल आणि विषय संपेल.

एवढ्यासाठीच सांगतो, की तक्ता लावण्याआधी प्रत्येक कामापुढे एक रकाना ठेवा: उशीर झाला तर खरंच काय होतं? दंड, विमानाने माल पाठवायचा खर्च, की नुसती बोलणी? विक्रीवाल्यांना विचाराल तर सगळंच अर्जंट असतं. म्हणून त्यांना 'काय अर्जंट' असं विचारू नका. दोन कामं समोर ठेवा आणि विचारा, यातलं एकच वेळेत जाणार, कुठलं पाठवू?

पाच कामं १२० तऱ्हांनी लावता येतात. दहा कामांना तोच आकडा ३६,२८,८०० होतो, तिथे हाताने सगळं तपासणं शक्य नाही. एक्सेल बराच पल्ला गाठतं. त्यापुढे जायचं असेल आणि घरात कोणी संगणक शिकलेलं पोर असेल तर गूगलचं ओआर-टूल्स मोफत मिळतं, ते असली कोडी सोडवण्यासाठीच आहे. फक्त त्याला उशीर कमी कर एवढंच सांगू नका. जुन्या तक्त्यातलं प्रत्येक काम जागेवरून हलवल्याचा दंडही त्यात घाला. नाहीतर ते माझ्यासारखंच वागेल, चार तासांसाठी चोवीस माग हलवेल.

पायरी पाचवी: माणसं

विणकराची मजुरी कामावर असते, नगावर किंवा पिकांवर. तुमच्या तक्त्यात माग क्रमांक ९ सहा तास रिकामा दिसतो, त्याला त्याच्या आठवड्याच्या पगारात भोक दिसतं. फेरआखणी करताना थांबणारे माग एकाच माणसाच्या वाट्याला सलग येणार नाहीत हे बघा. माग थांबणार हे निश्चित असेल तर त्याला आधी सांगा. तो त्या वेळेत दुसऱ्या मागावर जाईल किंवा घरचं काम उरकेल. काही न सांगता दिवसभर बसवून ठेवलेला विणकर पुढच्या महिन्यात शेजारच्या कारखान्यात दिसतो, आणि ती अडचण कुठल्याही सूत्रात बसत नाही.

ओव्हरटाइमला दुप्पट मजुरी लागते, तो फुकटचा वेळ नाही. आणि तो अडलेल्या मशीनवरच लावा. डाइंग अडलंय आणि शिलाई खात्याला रात्री थांबवलंय, असंही मी पाहिलंय. शिवायला मालच नव्हता, बायका चहा पीत बसल्या.

पायरी सहावी: सांगणं

हे थोडक्यात. फळ्यावर एकच तक्ता असावा, वर तारीख आणि वेळ. 'नवा प्लॅन' असं लिहू नका, दुसऱ्या दिवशी तोही जुना होतो. 'सोमवार, ११.४०' असं लिहा. आधीचा कागद फाडून टाका, स्वतःच्या हाताने. एकदा आमच्याकडे फळ्यावर एक आणि व्हॉट्सअ‍ॅपवर दुसरा, असे दोन तक्ते अर्धा दिवस चालले. वार्पिंगने एक मानला, कांजीवाल्यांनी दुसरा. जो बीम निघाला तो कुठल्याच मागाला नको होता.

पाळी बदलताना समोरासमोर सांगा. आमच्या शेडमध्ये निम्मं बोलणं तेलुगूत चालतं. माझं तेलुगू 'बागुन्नारा', म्हणजे 'बरे आहात ना', याच्या पुढे फारसं गेलेलं नाही, म्हणून जॉबरमामांना बरोबर घेतो आणि ते सांगत असताना माणसांचे चेहरे बघतो.

आणि ग्राहकाला तुम्हीच आधी फोन करा. सोमवारी सकाळी कळवलेला एकोणीस तासांचा उशीर तो ऐकून घेतो. मंगळवारी त्यानेच फोन करून विचारलं आणि मग कळलं, तर त्याला तीन तासही चालत नाहीत.

पायरी सातवी: वही

गाडी रुळावर आली की लगेच चार ओळी लिहा. काय बिघडलं, किती वाजता, मिस्त्रीने किती सांगितलं, खरं किती लागलं, कुठली कामं हलवली, त्यातली कुठली हलवली नसती तरी चाललं असतं. शेवटचा रकाना लिहायला लाज वाटते, पण सर्वांत उपयोगी तोच पडतो. माझ्या वहीत पहिल्या वर्षी हलवलेल्या कामांपैकी निम्म्यांपुढे 'गरज नव्हती' असं लिहिलेलं आहे.

आणखी एक फायदा होतो. पन्नासेक नोंदी झाल्या की कुणाचा कुठला आकडा किती ताणतो ते समजतं. जॉबरमामांच्या दोन तासांची सरासरी माझ्या वहीत साडेचार निघाली. मी त्यांना ती दाखवली, त्यांनी चष्मा लावून दोन पानं वाचली आणि काही न बोलता परत दिली. गेल्या महिन्यात ड्रायरचा पट्टा तुटला तेव्हा मी शेडमध्ये पोचायच्या आत ते वरून ओरडले, "दोन तास, साहेब. तुमच्या वहीतले साडेचार लिवा."

मी साडेचार लिहिले. पाच लागले.